इंडाईचं अर्धं कापड

बहरीनमध्ये नोकरी करणारा मराठी माणूस सुट्टीत दोनच ठिकाणी जातो. एक गावाला, आणि दुसरं गावातल्याच कुणाच्यातरी लग्नाला. त्यामुळे यंदाच्या सुट्टीत मी बोर्निओ बेटावरच्या जंगलात, नदीकाठच्या इबान लोकांच्या घरी राहायला जाणार, हे कळल्यावर आमच्या उम्म अल हस्सममधल्या बिल्डिंगीत खळबळ उडाली. खालच्या मजल्यावरच्या पुण्याच्या वहिनींनी मला बाजूला घेऊन, "घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. आमच्या ह्यांनी मोबाइलवर शोधाशोध करून बातमी आणली, की इबान लोक पूर्वी शत्रूची मुंडकी कापून घरात टांगत असत.

आम्ही दोघं वेंगुर्ल्याकडचे, त्यामुळे असले वाद घरात मालवणीतच होतात. "अवो, ता सगळा पणज्याच्या काळातला," मी म्हटलं. "आता नाय कापणत."

"आणि तुजा डोक्या कापून तेंका गावतला तरी काय?" असं म्हणून हे आमटी ढवळायला गेले. जाता जाता एवढं मात्र बजावलं, "थंय जाऊन उपास-तापास करू नको हां. माणसां काय म्हणतली?" नवऱ्याचं ऐकलं असतं तर पुढची फजिती टळली असती, पण ऐकायची सवय नाही.

या प्रवासाचं मूळ आमच्या समोरच्या दारात आहे. तिथे दयांग राहते. ती स्वतः इबान, मलेशियाच्या सारावाक प्रांतातली, आणि इथे एका हॉस्पिटलात नर्स. दारं समोरासमोर असल्यामुळे आमच्यात वाट्यांची ये-जा कित्येक वर्षांची आहे. माझ्या सोलकढीसाठी ती ड्यूटीवरून थेट माझ्याकडे येते. गेले काही महिने ती आली की नुसती बसून राहायची. तिच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यातला एक इतका पिकला होता की आत दाब वाढायला लागला होता, आणि आणखी उशीर केला तर त्या डोळ्याची नजर कायमची जाईल, असं तिकडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. शहरातल्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख मिळाली होती. मागच्या रजेतही मिळाली होती. पण तेव्हा म्हातारी घरातून हललीच नाही, तारीख हुकली आणि दयांग रडत परत आली.

"मी रोज दुसऱ्यांच्या आयांना ऑपरेशनला नेते," ती म्हणाली. "माझीच आई माझ्याबरोबर येत नाही. या वेळी तू चल. तू बोलायला लागलीस की समोरचा शेवटी हो म्हणतो."

"पटतं म्हणून?"

"दमतो म्हणून."

हे ऐकून मी रागवायला हवं होतं. त्याऐवजी मी रजेचा अर्ज टाकला, आणि बाब अल बहरीनच्या बाजारात जाऊन चादरी, टॉर्च, खजूर, बाम अशी सगळी आखाती आहेरसामग्री भरून आणली. घरी बेसनाचे लाडू करून स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवले. मग म्हटलं, यल्ला, चला.

नदी

विमानं बदलत सिबू नावाच्या शहरात पोचलो, तिथून राजांग नदीवरच्या मोठ्या लाँचने वर गेलो आणि शेवटी एका उपनदीत लाकडी लांब होडीत बसलो. होडी चालवायला दयांगचा मावसभाऊ लांतिंग आला होता. ज्या माणसाने आयुष्याची वीस वर्षं बहरीनमध्ये पाणी म्हणजे बाटली, असं धरून काढली आहेत, त्याला ती नदी बघून बोलायला सुचत नाही. मलाही जरा वेळ सुचलं नाही. दयांगने याची नोंद घेतली.

दोन्ही काठांवर झाडं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. पाणी मात्र गढूळ. लांतिंग म्हणाला, लहानपणी तळाचे गोटे दिसायचे. वर लाकूडतोडीच्या कंपन्यांनी डोंगर उघडे केले तेव्हापासून पाऊस पडला की माती खाली येते आणि मासे वर सरकतात. खळाळ आला की तो इंजिन वर उचलायचा आणि बांबूने होडी रेटायचा. मी त्या वेळी वेतोबाला नवस बोलत होते.

इबान माणसाला तू कुठला विचारलं तर तो गावाचं नाव सांगत नाही, नदीचं सांगतो. जो ज्या नदीचं पाणी पितो तो त्या नदीचा. आणि तरुण माणसाने काही वर्षं तरी बाहेर जाऊन, जग बघून, काहीतरी कमावून परत यायचं, ही त्यांची जुनी रीत. तिला ते बेजालाय म्हणतात. पूर्वीचे लोक परत येताना मोठाल्या चिनी बरण्या आणायचे, लांतिंग समुद्रातल्या तेलविहिरीवर वेल्डिंग करून हे इंजिन घेऊन आला होता. मी माझ्या चादरी आणि टॉर्चांकडे बघितलं. आमच्या कोकणात याच रिवाजाला दुबईवरून येणं म्हणतात, फक्त आम्ही त्याला कधी रीत म्हटलं नाही, गरज म्हटलं.

सोमवार

त्यांचं घर म्हणजे अख्खं गाव. खांबांवर उभं, लांबलचक, एका छपराखालचं. एका बाजूने ओळीने कुटुंबांच्या खोल्या आणि त्या सगळ्यांसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पडवी. घर केवढं आहे हे दारं मोजून सांगतात. हे बावीस दारांचं. पडवीवर भात वाळतो, मुलं लोळतात, बायका टोपल्या विणतात, भांडणं होतात आणि मिटतात. सौर दिवे आले आहेत, डिझेलचा जनरेटर संध्याकाळी थोडा वेळ चालतो. शाळेला जाणारी मुलं खालच्या गावात वसतिगृहात राहतात. आरोग्य खात्याची होडी अधूनमधून येते, पण नदी फार भरली की येत नाही आणि फार आटली तरी येत नाही.

आम्ही पोचलो तो सोमवार होता. माझा सोमवारचा उपास असतो, संध्याकाळी सोडते. तर मी पडवीवरून चालायला लागले आणि पहिल्याच दाराशी एक बाई बशीत भात आणि कोंबडी घेऊन उभी. मी हात जोडले, गोड हसले, नको म्हटलं आणि पुढे गेले. दुसऱ्या दारी मासा. हात जोडले. तिसऱ्या दारी तांदळाची दारू. आपण कोकणी माणसं, पाहुण्याने नको नको म्हणायचं आणि यजमानाने वाढायचं, हा आपला शिष्टाचार. म्हणून प्रत्येक दारी मी जास्तच अदबीने नको म्हणत गेले. दयांग मागे सामान उतरवून घेत होती. मी वळून बघितलं तेव्हा पडवी शांत झाली होती आणि बावीस दारांतून लोक माझ्याकडे काळजीने बघत होते.

दुपारी नदीवर हातपाय धुवायला उतरले. खाली जायला खाचा पाडलेला एकच ओंडका होता. तिसऱ्या की चौथ्या खाचेवर पाय सटकला आणि मी साडेपाच वारी नेसलेली नसूनही साडेपाच वारी नेसल्यासारखी आडवीतिडवी चिखलात गेले. लागलं फारसं नाही. पण वरून जो कल्लोळ झाला, तो माझ्या पडण्याच्या मानाने फार मोठा होता. एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता: पुनी, पुनी.

दयांग धावत आली ती माझ्यावर नाही, स्वतःवर चिडलेली. "मी सांगायला हवं होतं. खलास, आता सगळं घर मला बोलणार." मग तिने समजावलं. समोर आलेलं अन्न नाकारून माणूस निघून गेला की त्याला पुनी लागते. अन्नाचा आत्मा दुखावतो, आणि त्या माणसाला साप चावतो, मगर ओढते, झाड अंगावर पडतं. मी बावीस घरचं नाकारलं होतं. त्या हिशोबाने मी नुसती घसरले हेच नशीब.

"अगं पण माझा उपास आहे!"

"मग खाऊ नकोस. नुसता हात लाव. हात लावला की खाल्ल्यासारखंच होतं."

तेवढ्यात भिंतीला हात लावत लावत एक ठेंगणी म्हातारी आमच्यापर्यंत आली. ही दयांगची आई. तिला सगळे इंडाई दयांग म्हणतात, म्हणजे दयांगची आई; मोठ्या माणसाला मुलाच्या नावाने हाक मारायची आपली पद्धत तिथेही आहे. तिच्या एका डोळ्यात बुबुळाच्या जागी दुधाचा थेंब असल्यासारखं दिसत होतं. तिने हातात एक थाळी धरली होती आणि तिच्यात प्रत्येक दारचा घास गोळा करून आणला होता. माझा हात चाचपून घेऊन तिने माझी बोटं त्या घासांना लावली, मग तीच बोटं माझ्या गळ्याला टेकवली आणि अन्नाला विनवल्यासारखं काहीतरी पुटपुटली. पडवीवर सगळ्यांनी श्वास सोडला. संध्याकाळी उपास सोडला तेव्हा मी बांबूत शिजवलेली कोंबडी आणि मासे सोडून बाकी सगळं खाल्लं, कारण उपास सुटला तरी सोमवारी मांसाहार नाही. कोंबडीला आणि माशांना मात्र आठवणीने हात लावला.

माग

दुसऱ्या दिवशी कोंबडीही खाल्ली. बांबूच्या नळीत कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, पानांबरोबर शिजलेली, धुराचा वास लागलेली. आंबट वांग्यांचं सुक्या माशाबरोबर केलेलं सार तर असं होतं की मी ते बनवणाऱ्या बाईशेजारी चुलीपाशीच बसून राहिले. रानातल्या कोवळ्या नेच्याची भाजी आमच्याकडच्या फोडशीची बहीण शोभेल. पोटात असं सगळं गेल्यावर मी कामाला लागले, म्हणजे बोलायला.

इंडाईच्या दाराशी पडवीच्या खांबाला एक माग बांधलेला होता. आपल्याकडच्यासारखा खड्ड्यातला नाही. एक टोक खांबाला आणि दुसरं विणणारीच्या कमरेला पट्ट्याने बांधलेलं, ती मागे रेलली की दोरे ताणले जातात. त्यावर तांबूस रंगाचं अर्धं कापड होतं. त्याला पुआ म्हणतात. बाळ जन्मलं की त्याला पुआत घेतात, माणूस गेला की त्याच्याभोवती पुआ लावतात. नक्षी ताण्याच्या दोऱ्यांत आधीच बांधून रंगवलेली असते. ही नक्षी इंडाईला स्वप्नात तिच्या आईने दाखवली होती.

"चल ना गं डॉक्टरकडे," मी तिला म्हटलं. दयांग दुभाषी. "ऑपरेशन दुखत नाही. तासाभराचं काम."

"मी दुखायला घाबरत नाही," इंडाई म्हणाली. "दयांगच्या वेळी मी दोन दिवस कळा दिल्या. पण हे कापड अर्धं आहे. स्वप्नातलं कापड अर्धं टाकून विणणारीने घराबाहेर रात्र काढली, तर तिचा आत्मा कापडात राहतो. अंग परत येतं, आत्मा येत नाही."

"मग पूर्ण कर आणि चल."

तिने माझं बोट धरून कापडावर ठेवलं. ताण्याचा एक दोरा तुटलेला होता. "इथे वर्षभरापूर्वी तुटला. जोडायचा तर दिसायला हवं."

"दुसऱ्या कुणीतरी जोडावा."

"स्वप्न माझं आहे. दुसऱ्या जिवंत माणसाचा हात चालत नाही."

म्हणजे दिसल्याशिवाय कापड संपत नाही आणि कापड संपल्याशिवाय दिसण्यासाठी जाता येत नाही.  ऑपरेशनची तारीख परवावर आली होती, दयांगची रजा संपत होती, आणि डोळ्यातला दाब कुणासाठी थांबणार नव्हता. दयांगचा तोल गेला. ती आईवर ओरडली. मला भाषा समजत नव्हती, पण पोरगी आईला काय काय बोलू शकते ते कुठल्याही भाषेत कळतं. इंडाई मागाच्या पट्ट्यावरून हात फिरवत राहिली. शेवटी दयांग नदीकडे निघून गेली आणि आम्ही दोघी एकमेकींची भाषा न कळता तिथेच बसून राहिलो. मला माझीच आई आठवली.

गाऱ्हाणं

दयांग परत आली ती डोळे धुऊन. मी तिला म्हटलं, आता मी सांगते ते आईला सांग, उपदेश नाही, आमच्या घरची गोष्ट आहे. माझ्या सासऱ्यांचं हार्नियाचं ऑपरेशन करायचं होतं. ते म्हणाले, देवाला विचारल्याशिवाय नाही. मग देवळात कौल लावला. देवाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही.

इंडाई पुढे सरकून ऐकत होती. "कुठली पडली?"

"डावी."

"मग?"

"मग प्रश्न बदलून परत विचारला. आधी विचारलं होतं, ऑपरेशन करू का? नंतर विचारलं, या डॉक्टरकडे नको तर दुसऱ्याकडे करू का? तेव्हा उजवी पडली."

इंडाई जी हसायला लागली, ती थांबेना. शेजारच्या दारच्या म्हाताऱ्या काय झालं बघायला आल्या, त्यांना सांगून ती पुन्हा हसली. मग एकदम गंभीर झाली. "काल मी थाळी आणली तेव्हा तू भात खाल्लास?" तिने मला विचारलं.

"नाही. हात लावला."

"आणि तुझी पुनी गेली." ती जरा वेळ स्वतःशीच मान हलवत राहिली. "भाताला विचारून चालतं, तर कापडालाही विचारून बघावं."

हे बोलली ती. मी नाही, दयांग नाही. बहरीनला येऊन मी हे मुद्दाम सांगत असते, कारण इथे सगळ्यांना वाटतं की मीच बोलून बोलून तिला वळवलं.

संध्याकाळी घराचे प्रमुख, एक हडकुळे आजोबा, पडवीवर येऊन बसले. ही सगळी मंडळी रविवारी प्रार्थनेला जमणारी, दयांगच्या गळ्यातही क्रॉस आहे, पण चटईवर जे मांडलं ते बघून मी थक्क झाले. लाह्या, विड्याचं पान, सुपारी, भात आणि अंडं. अंडं सोडलं तर वेंगुर्ल्याहून मागवल्यासारखं. आजोबांनी एक पांढरा कोंबडा हातात धरून सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरवला आणि उंच स्वरात सुरुवात केली. दयांग माझ्या कानात सांगत होती: जमिनीच्या देवा, भाताच्या आत्म्या, वर गेलेल्या आज्या-पणज्यांनो, या बसा, ही बाई मागावरून उठू इच्छिते, तिला वाट द्या. आपल्याकडे देवळात घालतात तसंच्या तसं गाऱ्हाणं. तसाच चढणारा सूर, जमलेल्यांनी होकार द्यावा म्हणून घेतलेला तसाच थांबा. आणि पहिल्या थांब्याला, देवाशपथ सांगते, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "व्हय म्हाराजा!"

पडवी स्तब्ध. कोंबडासुद्धा गप्प झाला. दयांगने कपाळावर हात मारला. आजोबांनी माझ्याकडे बघितलं, विचार केला आणि पुढचं कडवं म्हणून पुन्हा थांबले. थांबून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." तिसऱ्या वेळी पोरं माझ्याबरोबर ओरडली. शेवटी शेवटी तर अख्खं घर आपापल्या चालीत व्हय म्हाराजा म्हणत होतं आणि आजोबांना एवढा हुरूप आला की त्यांनी आणखी चार देवांना बोलावलं. इंडाईने लाह्यांची मूठ मागाला लावली आणि ती झोपायला गेली. आता उत्तर स्वप्नात येणार होतं.

दयांगने मला विचारलं, "नाही म्हणाली तर?"

"तर प्रश्न बदलू," मी म्हटलं, पण मलाही धाकधूक होती.

सकाळी उठून पडवीवर येते तर इंडाई पायांत बूट घालून, गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. दयांग तिच्यासमोर उकिडवी बसून ऐकत होती. इंडाईला स्वप्नात तिची आई दिसली होती.  आईने खांबाला टांगलेला पट्टा काढला, स्वतःच्या कमरेला बांधला आणि इंडाईच्या जागी मागावर बसली.

"जिवंत हात चालत नाही," इंडाई म्हणाली. "हा चालतो. निघा लवकर, तिला फार वेळ बसवायचं नाही, तिची कंबर दुखायची."

स्वप्न खरंच पडलं का, हे मी विचारलं नाही. आमच्याकडेही कौल कसा लागला ते कुणी विचारत नाही.

पक्षी

नदी उतरली होती. लांतिंगला जागोजागी इंजिन बंद करून होडी दगडांवरून ढकलावी लागत होती. अशाच एका शांत जागी डावीकडच्या झाडीतून एक पक्षी ओरडला. लांतिंगचा बांबू हवेतच थांबला. दयांग, वॉर्डातल्या डझनभर पेशंटांना एका नजरेत गप्प करणारी बाई, पांढरी पडली.

पक्षी हे इबान लोकांच्या देवाचे निरोपे. काही पक्षी असे आहेत की महत्त्वाच्या कामाला निघताना त्यांचा आवाज नको त्या बाजूने आला तर परत फिरायचं आणि काही दिवस थांबायचं. थांबलो तर तारीख गेली. लांतिंग होडी वळवायच्या बेतात होता. मला त्या पक्ष्याची मान पिरगळावीशी वाटली. असं म्हणू नये, पण वाटली.

इंडाईने मान वर केली. "का थांबलात?"

"पक्षी," दयांग म्हणाली.

"कुठला पक्षी?"

"आई, तू ऐकलंस ना?"

या म्हातारीचे कान असे की तीन दारांपलीकडे कुणी वांगं चिरलं तरी तिला कळायचं. "मी काही ऐकलं नाही," ती म्हणाली. "प्रवास कुणाचा आहे? माझा. मी ऐकलं तर लागू. आता वाजवा काहीतरी, मला ऐकू यायच्या आत."

हीसुद्धा त्यांची जुनी रीतच, हे मला मागाहून कळलं. मोठ्या कामाला निघताना घंटा बडवत निघायचं, म्हणजे पक्षी ओरडला तरी कानावर पडत नाही आणि न पडलेलं लागू होत नाही. आमच्याकडे घंटा नव्हती. पण माझा लाडवांचा डबा होता. मी झाकण काढलं आणि डब्यावर बडवायला सुरुवात केली. लांतिंगने बांबूने होडीची कड ठोकली. दयांग आधी नुसती बघत होती, मग तिने चमचा घेतला. तिघांनी मिळून असा दणदणाट केला की जंगलातला प्राणीच काय, पानसुद्धा दचकलं असेल. लाडू होडीभर घरंगळले. इंडाई मधोमध ताठ बसून हाताने पुढे, पुढे अशी खूण करत होती, आणि वळणापाशी इंजिन चालू झालं तेव्हा तिने आपल्या मांडीवर पडलेला एक लाडू चाचपून उचलला आणि खाल्ला. चांगला झालाय म्हणाली.

आल्यावर

बहरीनला परत आल्यावर शुक्रवारी मंडळी जमली. ओरांगउटान दिसला का, असं सगळ्यांनी विचारलं. नाही दिसला. त्या लोकांना रस्ता हवाय का, असं कुणीतरी विचारलं. अर्ध्यांना हवाय, कारण आजारी माणसाला नदीच्या मर्जीवर ठेवावं लागतं. अर्ध्यांना भीती वाटते, की रस्त्यावरून आधी लाकडाचे ट्रक येतील आणि मग उरलीसुरली पोरंही त्याच रस्त्याने जातील. माझ्या गावाला रस्ता कधीचाच झाला आहे आणि गावात कुलपं लटकली आहेत, त्यामुळे मी त्यांना काही सल्ला दिला नाही. त्यांना हवा आहे तो नदी फुगली तरी पोचणारा दवाखाना, आणि पोरांना रोज संध्याकाळी घरी पाठवणारी शाळा. दयांग आणि तिच्यासारख्या बाहेर गेलेल्या नर्सेस मिळून तिथे एक आरोग्य खोली सुरू करायच्या मागे आहेत. होईल, इंशाल्ला. नंतरच्या काही महिन्यांत इंडाईने तुटलेला दोरा जोडला, कापड संपवलं आणि मागावरून कापून उतरवलं, तेव्हा घरात मोठं जेवण झालं. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या रजेत आहे.

पण मी काय पाहिलं असं विचाराल, तर मी हे सांगेन.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात सिस्टरने इंडाईच्या डोळ्यावरची पट्टी काढली, थेंब घातले, पुसलं. इंडाईने आधी पंख्याकडे बघितलं. मग स्वतःचा हात उलटासुलटा करून बघितला. मग माझ्याकडे वळली. मी आपलं नाव सांगितलं. ती वरपासून खालपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "एवढा मोठा आवाज, मला वाटलं केवढी बाई असेल." सगळा वॉर्ड हसला.

दयांग पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. इंडाई तिच्याकडे वळली. मग तिने हात पुढे करून दयांगच्या कपाळावरची बट धरली.

"हे केस कधी पिकले तुझे?"

"तू बघत नव्हतीस ना," दयांग म्हणाली, "तेव्हा."

इंडाईने तिला ओढून पलंगावर बसवलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकेक पांढरा केस शोधून उपटायला लागली. दयांग रडत होती आणि म्हणत होती, वाकू नकोस आई, डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलंय. आणि आईला वाकावं लागू नये म्हणून स्वतःच डोकं वर उचलून धरत होती.